कालव्यातलं दुकान

मंगळवारी टॉडमर्डनमधली सहा दुकानं करायची,
हा लीड्सच्या ऑफिसचा हिशोब.
करायची म्हणजे दारात उभं राहून म्हणायचं,
नमस्कार, मी वृंदा,
तुम्ही गूगलवर चौथ्या पानावर आहात.

चौथं पान ऐकून इथे कुणाचा चेहरा पडत नाही.
लोकर विकणाऱ्या मिसेस सटक्लिफ म्हणाल्या,
चौथं? बरंच वर आहे की मग!
त्यांना पहिली पंगत कशी समजावू?
मागच्या पंगतीला भात गार होतो,
मठ्ठ्याचं पाणी होतं,
जिलबी संपल्याचं वाढपी डोळ्यांनीच सांगतो.
हे सगळं माझ्या मनात.
तोंडात नुसतं व्हिजिबिलिटी, व्हिजिबिलिटी.

न्हावी म्हणाला, गेल्या वर्षी तुझ्यासारखाच एक आला होता,
दोनशे पौंड घेऊन पहिल्या पानाकडे निघाला,
अजून चालतोय बिचारा.
ड्रायक्लीनिंगवाल्या फरीदाबाईंनी चहा दिला
आणि विचारलं, वाढलेली गिऱ्हाइकं
धुणार कोण, तुझा गूगल?

मला आकडे ठाऊक आहेत.
या गावात लोक रात्री दोनला काय टाइप करतात, तेसुद्धा.
कुलूपवाला माझ्या जवळ.
दाताचा डॉक्टर माझ्या जवळ.
एकदा कुणीतरी नुसतंच
माझ्या जवळ,
आगापिछा काही नाही.
त्याला आमच्या शीटमध्ये रकाना नव्हता.

पाचवं दुकान क्लिफर्ड ग्रीनवुड, बूट दुरुस्ती, किल्ल्याही करून मिळतील.
त्याने माझं कार्ड पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं.
उजव्या बुटाचा तळ सकाळपासून
माझ्यापेक्षा जास्त बोलत होता.
काढ, म्हणाला.
मग एका मोज्यावर उभी राहून मी
स्थानिक शोधाचं महत्त्व सांगितलं,
तो खिळे ओठांत धरून हं हं करत राहिला.

शेवटी फोनच दाखवला. हे बघा तुमचं दुकान.
नकाशावरचा लाल ठिपका
भर कालव्यात, पाण्याच्या मधोमध.
त्याने चष्मा वर ढकलला, नीट पाहिलं,
ओठांतला शेवटचा खिळा काढून ठोकला.
बदकांना बूट लागत नाहीत, म्हणाला,
तरीच इतकी शांतता.
चार पौंड झाले.

परतीच्या गाडीत मी त्याचा ठिपका
बोटाने उचलून दारात नेऊन ठेवला.
ऐंशी मीटर. फुकट.
हे लीड्सला सांगितलं नाही.

नवव्या दिवशी फोन.
तू मला पाण्याबाहेर काढलंस का?
मी हसत हो म्हटलं, आभारांची वाट पाहत.
तो म्हणाला, हेब्डन ब्रिजहून बायका येतायत टाचा घेऊन,
एक जण कुत्र्याचा पट्टा शिवायला आला, कुत्र्यासकट,
सोमवारपासून मला दुपारचं सँडविच
धड बसून खाता आलेलं नाही.
परत ठेव.

खाली घसरलो म्हणून रडणारी माणसं मी रोज ऐकते.
मला खाली न्या म्हणणारं
चार वर्षांत हे पहिलंच.
त्याचं पॅकेज नाही आमच्याकडे.

रात्री ठिपका दोन बोटांत धरून
बराच वेळ बसले.
पाण्यात टाकवेना.
शेवटी काठावर ठेवला, बाकड्यापाशी,
तिथून त्याचं दार दिसतं, मान वळवली तर.

आणि वेळेच्या रकान्यात लिहिलं,
साडेबारा ते एक बंद, मालक जेवत आहेत.
एक ते चार लिहायला हात शिवशिवत होता.
आवरला.